गोव्याचा पाऊस, जुनी घड्याळं आणि रंगवलेल्या डायली

चावीवाला (फोंडा)

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसतं वाचतोय, घड्याळांवरचे सगळे धागे वाचून झाले पण लिहायला हात धजत नव्हता. आता मृग लागला, आठ दिवस सूर्य नाही, आणि काल सकाळी माझ्या सिको फाइव्हच्या काचेला आतून वाफ धरलेली दिसली तेव्हा म्हटलं आता विचारूनच टाकू.

घड्याळ बाबांचं. बाबा सहा वर्षं बहारीनला एका गॅरेजात कामाला होते, ८५ला कायमचे परत आले तेव्हा मनगटावर हेच होतं. ७००९ मशीन, १७ ज्वेल (आतले खडे), ऑटोमॅटिक, निळी डायल. मागच्या झाकणावर नंबर असतो त्यातला पहिला म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिन्याचा (ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी), आमचा ४२ने सुरू होतो म्हणजे फेब्रुवारी ८४. आखातात विकल्या जाणाऱ्या सिकोंमध्ये वार दोन भाषांत असायचा, इंग्रजी आणि अरबी, आणि बाबांनी तो अरबीवरच ठेवला होता, गावी आल्यावरसुद्धा कधी इंग्रजीवर लावला नाही. आम्हा भावंडांना अरबी वाचता येत नाही पण शुक्रवारचं अक्षर ओळखायचो, कारण तिकडे शुक्रवारची सुट्टी आणि बाबा त्याच दिवशी घरी पत्र लिहायचे. इथे आल्यावरही ते अक्षर आलं की म्हणायचे, आज पत्राचा दिवस.

डायलचा एका बाजूचा निळा रंग उन्हाने उडून जांभळट झाला होता, आणि सहाच्या वर एक तपकिरी ठिपका होता, तिळाएवढा. हे दोन्ही मला डोळे मिटून दाखवता येईल.

बाबा गेल्यावर वर्षभराने मी घड्याळ एका दुकानात सर्व्हिसिंगला दिलं. साफसफाई आणि ऑइलिंग एवढंच सांगितलं होतं. दहा दिवसांनी आणायला गेलो तर डायल नवी कोरी, गडद निळी, चकचकीत. मी विचारलं जुनी डायल कुठे आहे, तर म्हणाले हीच ती, घासून परत रंगवली, आता बघा कशी दिसते. त्यांनी चांगल्या मनाने केलं असणार, जास्त पैसेही घेतले नाहीत, पण घासून काढलेला रंग परत येत नाही हो. त्या दिवसापासून ते घड्याळ मी महिन्यातून एकदा हलवून चालू करतो आणि परत ठेवतो, हातात घालवत नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. एक, ही वाफ कशी थांबवायची, माझ्याकडे अजून १४ घड्याळं आहेत (एचएमटी सात, दोन फाव्र लुबा, बाकी किरकोळ) आणि सगळ्यांची काळजी वाटते. दुसरं, त्याच मॉडेलची मूळ डायल कुणाकडे पडून असेल तर. डाग असले तरी चालेल, डाग असले तर बरंच.

—

म्हापशेकर

वाचून वाईट वाटलं भाऊ. माझ्या एचएमटी पायलटचं असंच झालंय, पण ती मी घेतानाच रंगवलेली होती, मला कळायला दोन वर्षं लागली.

आधी वाफेचं. आतून वाफ दिसली म्हणजे पाणी आत गेलेलंच आहे, ते आपोआप सुकेल म्हणून थांबू नका. सुकलं तरी ओल मशीनमध्ये राहते आणि पहिला गंज चावीच्या दांड्यावर आणि स्टीलच्या बारीक स्प्रिंगांवर येतो. तांदळाच्या डब्यात तर अजिबात ठेवू नका, तांदळाचं पीठ बारीक असतं, ते जिथे जायला नको तिथे जातं. झाकण उघडून घ्या, आजच्या आज.

मग कायमची व्यवस्था. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि वर खारा वारा. लाकडी कपाटात मखमलीच्या पेटीत ठेवाल तर ती मखमलच ओल धरून ठेवते. मी चार वर्षांपूर्वी कॅमेरावाले वापरतात तो ड्राय बॉक्स घेतला, ४५ ते ५० टक्के आर्द्रतेवर लावून ठेवलाय, त्यानंतर एकाही डायलला बुरशी नाही. तेवढा खर्च नको असेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करायचे, परत निळे होतात. चामड्याचे पट्टे जूनमध्ये काढून टाकायचे, नायलॉन किंवा रबर घालायचं, दसऱ्याला परत चामडं. आमच्या घरी हा आता रिवाजच झालाय, बायको आधी विचारते पट्टे बदलले का.

डायलचं बघतो. माझ्याकडे बंद पडलेल्या सिकोंचा एक बिस्किटांचा डबा आहे.

—

तिसवाडीकर_७५

फोंडेकर, तुझ्या बाबांच्या शुक्रवारवरून खूप काही आठवलं.

आमच्या लहानपणी पणजीत घड्याळ ही चैनीची वस्तू असली तरी मिळायची सहज. पोर्तुगीज राज्यात परदेशी माल यायचा, स्विस घड्याळं, फाउंटन पेनं, रेडिओ, सगळं. वडिलांनी त्यांचं रोमर ५७ साली पणजीत घेतलं. तेव्हा ५५च्या सत्याग्रहानंतर हद्द बंद झालेली, पत्रादेवीला कडक पहारा, आमची आत्या सावंतवाडीला दिलेली, तिची भेट नाही, आणि इकडे बाजारात मात्र स्वित्झर्लंडचं घड्याळ. हा विरोधाभास वडील शेवटपर्यंत बोलून दाखवायचे. म्हणायचे, जिनेव्हाहून घड्याळ आलं पण वाडीहून बहीण येऊ शकली नाही.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला तेव्हा मी ११ वर्षांचा. पुढच्या मे महिन्यात आत्या आली आणि परत जाताना वडिलांनी ते रोमर काढून तिच्या यजमानांच्या हातावर बांधलं. हळूहळू परदेशी माल बंद झाला आणि एचएमटी आली. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना ६१चाच, बंगळूरला, जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने निघालेला. मी ७३ला पहिल्या पगारातून जनता घेतलं, डायलवर देवनागरीत जनता लिहिलेलं. मुद्दाम देवनागरीच मागितलं होतं. अजून चालतं. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की चावी देतो, २५-३० वेढे, घट्ट लागलं की थांबायचं.

आणि हो, स्विस माल बंद झाला तरी गोव्यात घड्याळं येतच राहिली, आधी जहाजावरच्या तारवट्यांनी आणली, मग आखातवाल्यांनी. आमच्या वाड्यावर कुणाच्या हातात काय घड्याळ यावरून घरातला माणूस कुठे आहे ते कळायचं. सिको म्हणजे आखात, ओमेगा किंवा टिसो म्हणजे बोट, एचएमटी म्हणजे सरकारी नोकरी किंवा शिक्षक. आम्ही एचएमटीवाले.

—

कुळागरातली

काका, तुमची आत्या डोळ्यासमोर उभी राहिली. आणखी लिहा.

मी फक्त बायकांची घड्याळं जमवते म्हणून या धाग्यावर थोडं वेगळं लिहिते. सध्या ३१ आहेत. जुनी लेडीज चावीची घड्याळं कुणाला नको असतात, हल्लीच्या मानाने फार छोटी वाटतात, डायल एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान, त्यामुळे भंगाराच्या भावात जातात, काही लोक तर वरचा सोन्याचा मुलामा काढायला केस फोडून टाकतात. मला ते बघवत नाही. एवढ्याशा जागेत बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक), हेअरस्प्रिंग (त्याची केसाएवढी बारीक स्प्रिंग), १७ ज्वेल बसवणं पुरुषांच्या घड्याळापेक्षा अवघड काम आहे. आणि वेळही नीट पाळून घेणं अवघड, कारण बॅलन्स जेवढा लहान तेवढा हाताच्या हालचालीने लवकर बिचकतो.

माझी बहुतेक घड्याळं निवृत्त शिक्षिकांकडून आणि नर्सबायांकडून आलीत. नर्सेसचं एक वेगळंच असतं, पिनेने छातीवर लावायचं, डायल उलटी, म्हणजे मान खाली घातली की सरळ दिसतं आणि हात मोकळे राहतात. ते मला एका बाईंनी दिलं तेव्हा त्यांनी सांगितलं की या काट्यावर मी हजारो नाड्या मोजल्यात. मी ते धुतलंसुद्धा नाही, नुसतं मशीन साफ करून घेतलं. सेकंदकाट्याच्या टोकाचा लाल रंग उडालाय. तो तसाच राहणार.

चावीवाला, तुमच्या मूळ डायलबद्दल मला अगदी आतून कळतंय.

—

रंगीतडायल

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. माझ्याकडे सहा रंगवलेल्या एचएमटी आहेत, केशरी, पोपटी, एक मोरपंखी, आणि मी त्या आनंदाने वापरतो. मशीन खरं, चालतं, दिसतं सुंदर. कुजलेल्या डायलचं घड्याळ कपाटात पडून राहण्यापेक्षा रंगवून हातात आलेलं काय वाईट? आपल्याकडे भांड्याला कल्हई लावतात, देवाच्या मूर्तीला वज्रलेप करतात, मग घड्याळालाच नियम वेगळा का?

—

चावीवाला (फोंडा)

रंगीतडायल, मुद्दा खरा आहे आणि मी त्यावर कालपासून विचार करतोय. तुम्हाला माहीत असून तुम्ही घेतलं, तुम्हाला आवडतं, त्यात काहीच वाईट नाही. वज्रलेपसुद्धा देवस्थानची मंडळी बसून, ठरवून करतात. माझं दुःख हे की मला कुणी विचारलं नाही. दुसरं म्हणजे विकणारे रंगवलेलं घड्याळ मूळ म्हणून, कधीही न वापरलेलं म्हणून विकतात आणि घेणारा नवशिका फसतो. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना सरसकट मुंबई स्पेशल म्हणतात, आणि ते वाचलं की मला लागतं, कारण आपल्याकडच्या कारागिरांचा हात किती चांगला आहे ते आपण बघतो.

म्हणून नवीन घेणाऱ्यांसाठी मी काय बघतो ते लिहितो. भिंग घ्या, निदान दहापटीचं. अक्षरांच्या कडा बघा, कारखान्याच्या छपाईला धारदार कड असते, रंगवलेल्याला शाई पसरल्यासारखी. मिनिटांच्या रेघा एकसारख्या अंतरावर आणि काठाला समांतर आहेत का बघा, बऱ्याचदा बाराजवळ जागा कमी-जास्त झालेली सापडते. डायलच्या अगदी खालच्या काठावर बारीक अक्षरांत कोड असतो, रंगवताना तो बहुतेक वेळा गायब होतो किंवा पुसट गिचमिड होतो. सिकोमध्ये त्या कोडची सुरुवात मशीनच्या नंबरने होते, तो झाकणावरच्या नंबराशी ताडून बघता येतो. आणि सगळ्यात सोपं म्हणजे केसवर ओरखडे, चावी झिजलेली, पण डायल आरशासारखी असेल तर थांबा. ५० वर्षांचं घड्याळ एकाच जागी तरुण राहत नाही.

एचएमटी बंद होणार अशी बातमी आली तेव्हापासून तर हे जास्तच झालं, सगळे घ्यायला धावले. २०१६ला सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, तुमकूरच्या कारखान्याची जमीन पुढे इस्रोकडे गेली. तेव्हा मीही घाईत दोन घेतली, दोन्ही रंगवलेली निघाली. ती मी विकली नाहीत. विकायची तर सांगूनच विकावी लागतील, आणि सांगून विकायला मला काहीच हरकत नाही, कुणाला हवी असतील तर बोला.

—

नवीन_गडी

छान धागा, वाचनखूण साठवली. मी २४ वर्षांचा, वेर्ण्याला कंपनीत आहे, आतापर्यंत फक्त स्मार्टवॉच वापरलं. आता एक खरं घड्याळ घ्यायचंय, बजेट १०-१२ हजार. जुनं घेऊ की नवं? रोज बाइकवरून जातो, पावसात भिजतो.

—

भिंगवाला (मडगाव)

मी घड्याळजीचा मुलगा. वडिलांनी ४१ वर्षं टेबल चालवलं, मी दुसऱ्या धंद्यात गेलो पण संध्याकाळी त्यांच्याच टेबलावर बसतो, स्वतःची आणि मित्रांची घड्याळं खोलतो.

नवीन_गडी, बाइकवर आणि पावसात रोज घालायला जुनं घड्याळ नको. ते रविवारी घाल, देवळात जाताना घाल, लग्नाला घाल. रोजच्याला १०० मीटर लिहिलेलं काहीतरी घे. झाकणावर ३० मीटर लिहिलेलं असतं ते फसवं वाटतं कारण त्याचा अर्थ ३० मीटर खोल पाण्यात चालेल असा नाही, शिंतोडे उडाले तर चालेल एवढाच. पोहायचं तर १००, आणि कळंगुटच्या समुद्रात उतरायचं तर १०० किंवा २०० आणि बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं. मीठ चावीच्या फटीत बसलं की रबर खातं.

तुझ्या बजेटमध्ये रबराचं जी-शॉक मस्त आहे, त्यामागची गोष्ट मला फार आवडते, किकुओ इबे नावाच्या इंजिनिअरने दहा मीटरवरून पडलं तरी चालावं, दहा बार पाण्याचा दाब सोसावा आणि बॅटरी दहा वर्षं टिकावी असं ठरवलं आणि ८३ला ते बाजारात आलं. काट्यांचंच हवं असेल तर टायटन किंवा सिटिझनचं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरचं, घे. क्वार्ट्झला इथे काही लोक नाक मुरडतात ते मला पटत नाही. आत स्फटिकाचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, सर्किट त्याला १५ वेळा निम्मं करत जातं आणि बरोबर एका सेकंदाला एक ठोका उरतो, हे मला आजही आश्चर्य वाटतं. सिकोने ६९च्या नाताळात पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ काढलं आणि दहा-पंधरा वर्षांत निम्मं स्वित्झर्लंड बसवलं, उगाच नाही. टायटनचं एज बघ, मशीनच १.१५ मिलिमीटर जाड, होसूरला बनलेलं, आपल्या देशात. फक्त सेल संपला की काढून टाकायचा, मेलेला सेल आत ठेवला तर फुटून सर्किट खातो. ६२६ नंबरचा सेल बदलायला पाच मिनिटं लागतात, त्याचा आळस करून लोक चांगली घड्याळं घालवतात.

आता चावीवाल्यांसाठी. सर्व्हिसिंग म्हणजे काय हे माहीत असलं तर फसगत होत नाही म्हणून लिहितो. नुसतं झाकण उघडून तेलाचा थेंब सोडणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. जुनं तेल सुकून डिंकासारखं होतं, त्यावर नवं तेल घातलं की धूळ आणि तेलाचा लगदा होतो आणि तो खडे झिजवतो. खरं काम म्हणजे मशीन पूर्ण खोलायचं, एकेक चाक पेट्रोलमध्ये किंवा मशीनमध्ये धुवायचं, मेनस्प्रिंग (चावी दिली की ताणते ती) बघायची, मग जोडताना ज्या जागी जे तेल त्या जागी तेच आणि तेवढंच. वडील म्हणायचे, तेल दिसलं तर जास्त झालं. याला दोन-तीन तास लागतात. कुणी १०० रुपयांत अर्ध्या तासात करून देतो म्हणाला तर घड्याळ परत घेऊन या. देताना कागदावर लिहून द्या, डायल, काटे, केस यांना हात लावायचा नाही, पॉलिश नको. आधी फोटो काढून ठेवा. चावीवाला, हे तुमच्या बाबतीत उशिरा झालं पण इतरांना उपयोगी पडेल.

आणि तारीख-वाराचं घड्याळ रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये चावीने तारीख बदलू नका. त्या वेळी आतली चाकं तारीख ढकलायला गुंतलेली असतात, दात तुटतो. दुरुस्तीला आलेल्या सिकोंमध्ये मी हे सगळ्यात जास्त बघितलंय.

—

नवीन_गडी

दादा खूप खूप आभार. एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. जी-शॉक घेतो. आणि जुनं एक चवथीच्या बोनसमधून.

जाता जाता एक विचारतो, जुनं चावीचं घड्याळ दिवसाला किती चुकलं तर चालतं? ऑफिसातला एक जण म्हणतो मिनिटभर चुकतं, मग काय उपयोग.

—

तिसवाडीकर_७५

याचं उत्तर मी देतो, भिंगवाल्याने पुढे दुरुस्त करावं.

माझे मामा भिक्षुकी करायचे. त्यांच्याकडे लग्नाला घटिकापात्र असायचं, तांब्याची वाटी, बुडाला सुईएवढं भोक, मोठ्या पातेल्यात पाण्यावर सोडायची, भरून बुडाली की एक घटका. दिवसाच्या साठ घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. घटकेची ६० पळं, एक पळ २४ सेकंदांचं. आपण घटका भरली म्हणतो, घड्याळ म्हणतो, ते सगळं त्या वाटीतून आलेलं. मला मामांनी वाटीवर नजर ठेवायला बसवलेलं आठवतं, सहा-सात वर्षांचा असेन, सगळं लग्नघर माझ्याकडे बघतंय आणि मी वाटीकडे.

माझं जनता दिवसाला बरोबर एक पळ मागे पडतं. ५० वर्षांत त्यापेक्षा जास्त मागे पडलं नाही, पुढे गेलं नाही. रोज चावी देताना काटा तेवढा पुढे करतो. ज्या माणसांनी वाटीवर लग्नं लावली त्यांना एक पळ पुरत होतं, मलाही पुरतं.

—

भिंगवाला (मडगाव)

काका, दुरुस्त करण्यासारखं काही नाही. उलट मी हे वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले एक पळ म्हणजे उत्तम चाललंय, आतल्या वेग लावायच्या काट्याला हात लावू नको म्हणावं. जनताचा बॅलन्स तासाला १८,००० ठोके मारतो, दिवसाला चार लाख ३२ हजार. २४ सेकंद चुकलं म्हणजे त्यातले १२० ठोके इकडेतिकडे. स्विस क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र मिळायला दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढ्यात बसावं लागतं, ती महागडी यंत्रं. जुन्या एचएमटीला अर्धा मिनिट मी चांगलं समजतो. एकदम दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे जायला लागलं तर मात्र घाबरायचं नाही, बहुतेक वेळा लोहचुंबक लागलेलं असतं, हल्ली मोबाइलच्या कव्हरात, स्पीकरात सगळीकडे चुंबक, हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. डीमॅग्नेटायझरवरून (चुंबक उतरवायच्या यंत्रावरून) फिरवलं की दहा सेकंदांत बरं.

—

सांजवात

माझ्या आजोबांचं वेस्ट एंड आहे, सवार प्रायमा, आजोबा फौजेत होते. आकड्यांवर पिवळट-तपकिरी रंग आहे, अंधारात चमकत नाही. काट्यांवरचा थोडा सुटायला लागलाय. टूथपिकने काढून नवीन चमकणारा रंग भरून घेऊ का?

—

भिंगवाला (मडगाव)

थांबा, टूथपिक लावू नका! त्या काळातल्या घड्याळांवर रेडियम असायचं. चमकत नाही म्हणून संपलं असं नाही, चमकणारं रसायन थकतं पण रेडियम अर्धं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. हातात घालून फिरायला घाबरायचं कारण नाही, पण खरवडलं आणि ती धूळ श्वासात गेली तर ती वाईट. घरी उघडू नका, काच तडकली असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा आणि ज्याच्याकडे नेणार त्याला आधी सांगा. साठच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच स्विस घड्याळांवर डायलच्या खाली टी हे अक्षर असतं, ते ट्रिटियम, ते बरंच सौम्य आणि १२ वर्षांत अर्धं होतं.

आणि फौजेतल्या आजोबांचं सवार प्रायमा म्हणजे ठेवाच आहे. फोटो टाका की.

—

म्हापशेकर

चावीवाला, डबा उपसला. निळी डायल आहे, ७००९, खालचा कोड तुम्ही म्हणता त्याच्याशी जुळतो असं वाटतं पण एक आकडा पुसट आहे. आठच्या बाजूला दोन डाग आहेत. चावी चारच्या आकड्याला आहे ना तुमची? ते आधी सांगा, कारण चावी तीनवर असलेल्या घड्याळात मशीन वेगळं फिरवून बसवलेलं असतं, डायलचे मागचे पाय जुळत नाहीत आणि वारसुद्धा खिडकीत तिरका दिसतो.

चारला असेल तर शुक्रवारी बाजाराला या, मी सकाळी ११पर्यंत असतो. पैसे नकोत. बाबांच्या घड्याळाला आहे.

—

चावीवाला (फोंडा)

मंडळी, उशिरा लिहितोय पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

चावी चारलाच आहे. शुक्रवारी म्हापशाला गेलो, म्हापशेकर भाऊंनी नुसती डायल नाही दिली, सोबत त्याच काळातले काटे आणि चावीचं रबर दिलं आणि वर चहा-भजी खायला घातली. तिथून कदंबाच्या बसने तसाच मडगावला गेलो, भिंगवाला दादांच्या वडिलांच्या टेबलासमोर दोन तास बसलो. ते स्वतः आता हात लावत नाहीत, डोळे साथ देत नाहीत, पण मुलाच्या खांद्यावरून बघत होते आणि एका जागी म्हणाले, तिथे अजून ओल आहे, सुकव. मुलाने भिंगातून बघितलं तर खरंच होती. नुसत्या रंगावरून ओळखलं त्यांनी. चावीच्या दांड्यावर गंज धरायला सुरुवात झाली होती, अजून एक पावसाळा गेला असता तर दांडा तुटला असता.

ही बाबांची डायल नाही. जांभळट कड नाही, तिळासारखा ठिपका नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी हातावरचे दोन डाग आहेत. पहिले दोन दिवस मला तेच दिसत होते, आता सवय होतेय, आणि तो माणूस कोण असेल असा विचार येतो, तोही आखातातलाच असेल का. रंगवलेली डायल एका पाकिटात घालून झाकणाच्या नंबरासकट लिहून ठेवलीय, कारण रंगाखालचा पत्रा बाबांचाच आहे.

वाराची चकती जुनीच, तिला त्या दुकानात हात लागला नव्हता. अरबीवर लावलाय. गेले नऊ दिवस रोज घालतोय, पाऊस असेल तेव्हा खिशात प्लास्टिकच्या पिशवीत. दिवसाला १९ सेकंद मागे पडतं, पळापेक्षा कमी. काल शुक्रवार होता. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला ते अक्षर दाखवलं, तिने वहीत काढून घेतलं आणि पुण्याच्या आत्तेला पत्र लिहायला बसली.

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं विचारतो, मूळ स्टीलचा पट्टा तुटलाय, तात्पुरता १८ मिलिमीटरचा नायलॉन घातलाय पण दोन्ही बाजूंनी फट दिसते. असं का?

—

म्हापशेकर

कारण ते १९चं असणार. जुन्या सिकोंमध्ये १९ बरेच असतात. दुकानात २०चा देऊन कड कापून देतील, घेऊ नका. माझ्याकडे काळा नायलॉन १९चा एक आहे, थोडा वापरलेला. पुढच्या शुक्रवारी या.